अश्लेषाचे सात दगड

बुकित पंजांग, सिंगापूर
१३ ऑक्टोबर २०१६, गुरुवार

चि. अश्लेषा,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. माझं बीपी गोळीने आटोक्यात आहे, गुडघा मात्र जिना चढू देत नाही. तुझ्या बाबाची नोकरी टिकली. परवा दसरा झाला. इथे आपट्याची पानं मिळत नाहीत म्हणून तुझ्या आईने कागदाची कापली आणि तुझ्या वाटणीचं सोनं तुझ्या टेबलावर ठेवलं. ते अजून तिथेच आहे.

अक्षर मुद्दाम मोठं काढतो आहे. बाराखडी तुला मीच शिकवली आणि जोडाक्षरांना तू अजून अडतेस. अडलीस तरी, प्रणिताच्या घरी राहतेस म्हणून, तुझ्या त्या मैत्रिणीच्या आईला विचारू नकोस. हळू वाच, पण एकटीने वाच.

मी तीनदा एलआरटीच्या गाडीने चोआ चू कांगला येऊन गेलो. तुम्ही राहता त्या ब्लॉकखाली दगडी टेबलापाशी बसलो. वर आलो नाही. तिथे एक चिनी म्हातारा असतो, त्याने मला बिस्किट दिलं. त्याला वाटलं मी रस्ता चुकलोय.

तू जानेवारीत मला म्हणालीस, आजोबा, मी पेगन आहे. मी घाबरलो. सातवी शिकलेला माणूस, एसटीच्या वर्कशॉपात जन्म गेला, मला हा शब्द कुठला ठाऊक. तू समजावून सांगितलंस की यात एक पुस्तक नाही, एक गुरू नाही, माती, पाणी, चंद्र, ऋतू हेच देव. इथे ऋतू एकच, मग सण कसले करतेस, असं मी विचारलं तर तू हसलीस. कुठल्याशा फॉर्मवर धर्माच्या रकान्यात तू हिंदूऐवजी तोच शब्द लिहिलास, हे ऐकून मला वाटलं, आता सरकार तुझ्या बाबाचा पीआर, इथे कायम राहायचा परवाना, काढून घेणार. मी दोन रात्री झोपलो नाही. तुला सांगितलं नाही.

मग तू विचारलंस, तुम्ही काय मानता? मी म्हणालो, सगळंच मानतो. मारुती, दत्त, गुरुवारी साईबाबा, चर्च दिसलं तरी हात जोडतो. तू इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणालीस, "आजोबा, हा विश्वास नाही, हा इन्शुरन्स आहे, लाह."

मी हसलो होतो. पण ते लागलं मला.

जूनमध्ये बाबाच्या ऑफिसातून माणसं काढत होते. तो जेवताना बोलेनासा झाला. अमावस्येला संध्याकाळी तू बाहेर होतीस, आई देवळात गेली होती. मी तुझ्या खोलीत गेलो तर खिडकीखाली वाटीत मीठ, अर्धी जळलेली काळी मेणबत्ती, लिंबू, आणि गोलात मांडलेले दगड. आमच्याकडे लिंबू, मीठ आणि अमावस्या एकत्र दिसली की माणूस दुसरा विचारच करत नाही. मला वाटलं, करणी. तू केलीस असं नाही, पण नकळत काहीतरी घरात आणलंस, आणि ते माझ्या मुलाच्या पोटावर आलंय.

वर्तमानपत्राच्या कागदाने उचलून एकेक वस्तू मी स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या शूटमध्ये, त्या भिंतीतून खाली जाणाऱ्या नळीत टाकली. दगड अकरा मजले आदळत खाली गेले. सात आवाज झाले. तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

होय, मी टाकले. तुझ्या आईने नाही.

उतारा टाकणाऱ्याने मागे वळून बघायचं नसतं आणि कुणाला सांगायचं नसतं, नाहीतर तो उलटतो. म्हणून मी आंघोळ केली आणि गप्प बसलो. तू आलीस, आईवर धावून गेलीस, कारण आदल्याच दिवशी ती म्हणाली होती, तो पसारा काढ, झुरळं होतात. ती म्हणत होती, मी हात लावला नाही. तू म्हणालीस, "मग कोणी? आजोबांनी? या घरात ते एकटेच माझं ऐकतात." आणि रडत सांगितलंस की ते दगड तू नंदाआत्याबरोबर जाऊन आमच्या गावच्या नदीतून आणले होते. तुझ्या पणजीच्या साती आसरा, पाण्यातल्या सात देवी.

मी आमटीभात जेवत होतो. मी जेवतच राहिलो.

माझी आई नदीकाठी असेच सात दगड मांडायची, शेंदूर लावायची, दहीभात ठेवायची. ही गोष्ट तुला लहानपणी मीच सांगितली. तू ती धरून ठेवलीस. मी शहरात आल्यावर लाजेने सोडली, आणि घरात आली तेव्हा ओळखली नाही. त्याच रात्री तू घर सोडून प्रणिताकडे निघून गेल्यावर मी खाली कचऱ्याच्या खोलीपाशी गेलो. सफाईवाल्याने रिकामा डबा दाखवला. इथे कचरा जाळतात आणि त्याची राख समुद्रातल्या बेटावर नेतात म्हणे. आसरा पाण्यातल्याच, पाण्यापाशी गेल्या, असं मी मनाला सांगून पाहिलं. ते खोटं आहे. मी माझ्या आईला कचऱ्यात टाकलं.

आधी रीत म्हणून गप्प होतो. मग भीती म्हणून. चार महिने तुझी आई दर रविवारी डबा पाठवते आणि तू तो न उघडता परत करतेस. दसऱ्याच्या संध्याकाळी ती तुझ्या पलंगावर बसली होती. मला म्हणाली, "बाबा, मीच टाकले असतील का हो? मला आता आठवतच नाही."

मी म्हणालो, चहा करतेस का.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता देतो. मी भीती मानतो. दुसरं काही नाही. सत्तर वर्षं हात जोडले ते तिलाच. तुला निदान काय मानतेस ते माहीत आहे.

आईला फोन कर. हे पत्र तिला वाचून दाखव, माझ्या तोंडून ते निघणार नाही. तिच्या हातचं रोज खातो आणि तिच्याकडे बघता येत नाही. मला माफ कर असं लिहीत नाही. तू केलंस तरी दगड येणार नाहीत. नंदाला कळवलं तर ती दुसरे आणेल, पण ते माझ्या हातून घेऊ नकोस.

वर आशीर्वाद सवयीने लिहिले गेले, ते खोडत नाही. खाली मात्र 'तुझा आजोबा' लिहायचं ठेवून देतो. ते लिहायचं की नाही, तू ठरव.

मनोहर