उपासाचं खरं कारण

मधलीवाडी, ता. पोलादपूर
१४ नोव्हेंबर २००६

पूजाच्या बाबांना नूतनचा नमस्कार.

आम्ही सगळी बरी आहोत, असं लिहायचं असतं म्हणून लिहिते. भात झोडून झालं. म्हैस व्याली, रेडी झाली. पूजाला चाचणीत गणितात छत्तीस पडले. आईंचा गुडघा थंडीने धरतो, पण तोंड चालू आहे, तेव्हा काळजी नको.

फोनच केला असता. पण दुकानातल्या फोनपाशी चारजणी कान लावून उभ्या असतात. ही चिठ्ठी एकट्यानेच वाचा, खोलीतल्या मित्रांसमोर उघडू नका.

मी महाडला डॉक्टरकडे जाऊन आले. अंगणवाडीच्या संजीवनीताईंनी नेलं. आईंना सांगितलं, दात दुखतो. दात नव्हता. परसाकडची जागा. तिथे चीर पडलीय, दीड वर्ष झालं. मी मूळव्याध समजून झाडपाला खात बसले. जाऊन आलं की दोन-दोन तास मिरची लावल्यासारखी आग.

म्हणून खाणंच टाकलं. आधी सोमवार धरला, मग गुरुवार, मग शनिवार. खाल्लं नाही तर जावं लागणार नाही, एवढीच माझी अक्कल. आई वाडीभर सांगत फिरतात, "आमची नूतन मुलग्यासाठी उपास करते गो. सून नाय, देवी हाय." बायका माझ्या पाया पडायच्या तेवढ्या राहिल्यात. डॉक्टर म्हणाले, "बाई, साबुदाणा खाऊन खडाच होणार. उपासानेच दुखणं वाढवलंत." तिथेच रडू आलं मला.

दिवाळीत तुम्ही जवळ आलात तेव्हाही मी उपास आहे म्हणून तोंड फिरवलं. त्या दिवशी मला धड बसताही येत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "मग देवाशीच संसार कर," आणि भाऊबीजेआधीच निघून गेलात. देव नव्हता हो मध्ये. नवऱ्याला हे सांगायची लाज वाटली, एवढंच होतं.

तेवीस तारखेला, गुरुवारी, ऑपरेशन आहे. चिरेच्या निबर झालेल्या कडा कापणार आणि तिथल्या स्नायूत इंजेक्शन देणार. त्याने तो दोन-तीन महिने सैल राहतो, तेवढ्यात जखम भरते. स्नायू कापत नाहीत, कापला तर बाळंत झालेल्या बाईचा पुढे ताबा जाऊ शकतो म्हणे. इंजेक्शननेही काही दिवस वारा आवरणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं. पण सैल झालेलं परत आवळलंच नाही तर? चार बायकांत बसायची सोय राहणार नाही. डॉक्टर म्हणतात होईल नीट, ताईही म्हणतात, पण माझा जीव थाऱ्यावर नाही. भुलीतून उठलेच नाही तर पूजाची वेणी कोण घालणार, असलं काहीबाही मनात येतं. भाकरी थापताना हात थांबतो.

आईंना अजून काही बोलले नाही. वाडीत त्यांची मान खाली जाईल. त्यांना तुम्हीच सांगा, माझ्याने होणार नाही.

डॉक्टरांनी कागद भरताना विचारलं, बरोबर कोण राहणार? ताई म्हणाल्या, माझं नाव घाला. पण माझ्या तोंडून तुमचंच नाव गेलं. म्हटलं, त्यांना सगळं माहीत आहे, सुट्टी काढून येतायत. डॉक्टरांनी लिहूनही टाकलं. मला खोटी पाडू नका.

तुम्हाला मनातून कधीच नको न म्हटलेली,
तुमची
नूतन