काळे टेलिफोन वर्गातच राहू देण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
अध्यापन-तंत्रज्ञान गौरव अनुदान विभाग

विषय : गौरव अनुदानाच्या अट क्र. ७ मधून दोन टेलिफोन वगळण्याबाबत.
संदर्भ : १) माझा सहा सेल मिळण्याबाबतचा अर्ज, दि. ४ ऑगस्ट.
२) आपले गौरवपत्र, दि. ९ जानेवारी.

महोदय,

१. आपल्या विभागाने 'नवोपक्रमशील तंत्रस्नेही शिक्षिका' म्हणून माझी निवड केली, याबद्दल मनापासून आभार. आपले गौरवपत्र घरी वाचून दाखवले तेव्हा सासूबाई एवढेच म्हणाल्या, "अगं, तुझे तर मोबाइलवरचे फोटो आडवे येतात." पुढे काहीच लपवायचे नसल्याने हेही नम्रपणे नोंदवते.

२. वस्तुस्थिती अशी, की मी वर्गातल्या टेलिफोनसाठी फक्त सहा सेल मागितले होते. माझे दीर टेलिफोन दुरुस्त करीत. दुकान बंद करताना त्यांनी तबकडीचे दोन काळे टेलिफोन मला दिले व एका तारेने जोडूनही दिले. एक तिसरीच्या वर्गात असतो, दुसरा जिन्याखाली नकाशांच्या खोलीत. घंटी वाजत नाही, म्हणून दोरी ओढून टांगलेली पितळी वाटी वाजवावी लागते. आपल्या पाहणी-अहवालात या वाटीस 'द्विमार्गी सूचना प्रणाली' म्हटले आहे, हे वाचून दिरांना भरून आले. सेलचा अर्ज कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर गेला कोण जाणे, पण उत्तरादाखल पंचवीस टॅब मंजूर झाले. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, अशी गत झाली. फक्त या देवाने आधीचा डोळा काढून कार्यालयात जमा करण्याची अट घातली आहे. (सेल अद्याप आलेले नाहीत.)

३. अनुदानाच्या प्रपत्रात 'आवृत्ती' या रकान्यात मी 'काळी' असे लिहिले व 'पासवर्ड' या रकान्यात 'आधी वाचा'. यात थट्टा नाही. वर्गाचा तसा नियमच आहे. जो रिसीव्हर उचलेल त्याने आधी पुस्तकातल्या दोन ओळी मोठ्याने वाचायच्या, मगच बोलायचे. समोर तोंडे दिसत नसल्यामुळे मुले न लाजता वाचतात. माझा नवोपक्रम म्हणतात तो एवढाच.

४. पाहणीच्या दिवशी आपण स्वतः वर्गातला रिसीव्हर उचलून "हॅलो, कोण बोलतंय?" असे विचारलेत. पलीकडून "आधी वाचा" असे उत्तर आले. आपण हुद्दा सांगितलात. पुन्हा तेच उत्तर आले. तेव्हा समितीच्या दोन सदस्यांसमोर आपण पान तेवीसवरचा गळक्या बादलीचा धडा उभ्याने वाचलात. "पूर्णविरामाला थांबायचं असतं. परत वाचा," असे आपणास तीन वेळा सांगण्यात आले व आपण तिन्ही वेळा वाचलेत, याचे मला फार कौतुक वाटले. परिच्छेद संपण्यापूर्वी बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि धडा अर्धा राहिला.

५. आपल्या अहवालात 'दुसऱ्या टोकावरील अनुभवी शिक्षिकेची शिस्त वाखाणण्याजोगी' असा उल्लेख आहे. जुन्या तारेत खरखर फार, त्यामुळे चूक होणे स्वाभाविक आहे. पण ती दुरुस्त करणे माझे कर्तव्य आहे. त्या टोकाला शिक्षिका नव्हती. तिथे आमच्या वर्गातली आठ वर्षांची मुलगी होती. मुले तिला 'गुपचूप' म्हणतात, कारण वर्ष सुरू झाल्यापासून ती वर्गात एक शब्दही बोललेली नव्हती. घरी तोंडाचा पट्टा बंद नसतो, असे तिची आई सांगते. इथे हजेरीलाही ती नुसता हात वर करते. नकाशांच्या खोलीत, दार लोटून, रिसीव्हर कानाला लावला की मात्र ती बोलते. आपणास बोलली ती तशीच.

६. अट क्र. ७ नुसार 'पुरस्कारप्राप्त मूळ उपकरण काचेच्या कपाटात प्रदर्शनार्थ जमा केल्याशिवाय' टॅब मिळणार नाहीत. आमचे मुख्याध्यापक शिस्तीचे. पत्र आले त्याच दिवशी त्यांनी दोन्ही टेलिफोन खोक्यात घालून वर लाखेचा शिक्का मारला, वाटीसकट. त्याला आज पाच दिवस झाले. पहिले चार दिवस 'गुपचूप' मधल्या सुट्टीत नकाशांच्या खोलीत जाऊन बसत होती आणि घंटा झाली की परत येत होती. महोदय, मला हे बघवले नाही.

७. काल ती पुस्तक घेऊन माझ्या टेबलापाशी आली आणि सगळ्या वर्गादेखत म्हणाली, "बाई, त्या सरांचं वाचन अर्धं राहिलंय." एवढे एकच वाक्य. त्यानंतर पुन्हा गप्प. पान तेवीसचा कोपरा तिने दुमडून ठेवला आहे.

८. तरी विनंती, की टॅब खुशाल दुसऱ्या शाळेस द्यावेत. गौरवपत्रही हवे तर परत घ्यावे, त्याची चौकट अजून केलेली नाही. खोके मात्र उघडण्याची लेखी परवानगी मिळावी. आणि सवडीने एकदा येऊन आपण तो परिच्छेद पुरा करावा. ती वाट पाहते आहे.

आपल्या आदेशाकडे डोळे लावून बसलेली,
(सही)
वर्गशिक्षिका, इयत्ता तिसरी
दि. १७ जानेवारी

सोबत :
१. मुख्याध्यापकांची शिफारस (शिक्का मारल्याबद्दल दिलगिरीसह).
२. गळक्या बादलीच्या धड्यातील आपल्याकडून राहिलेल्या सात ओळींची नक्कल. कुठे थांबायचे त्या पेन्सिलीच्या खुणा विद्यार्थिनीने केल्या आहेत.