चाळीस तासांचा आठवडा

प्रिय लीफ,

डेट्रॉइटच्या नदीत टपालाची होडी तुमच्या मालबोटीला येऊन चिकटेल, दोरीला बांधलेल्या बादलीतून हे पाकीट वर ओढलं जाईल आणि फोन असताना बायको पत्रं लिहिते म्हणून सगळे तुला चिडवतील. चिडवू देत. फोनवर तू ‘सगळं ठीक ना?’ म्हणतोस, मी ‘ठीक’ म्हणते, की लगेच तुझी कामाची पाळी सुरू होते. हे पत्र मात्र एकट्याने बसून वाच.

आपली मारेन मजेत आहे. पाणी हवं असलं की आता पेल्याचं चित्र माझ्या हातात आणून देते, डोकं भिंतीवर आपटत नाही. रस्ता आला की फुटपाथच्या कडेला थांबते. मागच्या वर्षी ट्रकपुढे धावली होती, आठवतं ना? हे ऑटिझमच्या थेरपीमुळेच झालं, त्यात मी काडीचाही वाटा मागणार नाही. तिला शिकवणारी कायला फार गोड मुलगी आहे. मारेन चावली तरी हसते, आणि ते हसू खरं असतं.

पण साडेचारला मी तिला सेंटरवरून आणते तेव्हा गाडीत एक पिळून काढलेलं पोर बसलेलं असतं. जेवताना गाल टेबलावर टेकतो आणि चमचा हातातच राहतो. दिवसाचे आठ तास, आठवड्याचे चाळीस. आपल्या चार वर्षांच्या मुलीची नोकरी तुझ्या-माझ्याइतकी भरते. मार्चमध्ये मी तुला हा आकडा सांगितला तेव्हा तू बोटीवर चढायला बॅग भरत होतास. ‘चाळीस म्हणजे चाळीस, त्यात काटकसर नको,’ म्हणालास. तुझं काही चुकलं नाही. औषध अर्धं घेऊन कोण बरं होतं, असंच आपल्याला वाटणार.

आता जूनचं सांगते. मारेन जेवताना हुंकार काढायची, तो कमी करायचा असं सेंटरच्या यादीत होतं. माझ्याकडे घरचा अभ्यास म्हणून मुठीत मावणारं एक मोजायचं यंत्र दिलं होतं. हुंकार आला की बटण दाबायचं, आणि ओठांवर बोट ठेवून तिला गप्प राहायची खूण करायची. एप्रिलमध्ये एका जेवणाला चाळीस-बेचाळीस व्हायचे, जूनमध्ये चार. त्या आकड्यांचा कागद मी फ्रिजवर लावला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवत होते. तुझी आई म्हणालीसुद्धा, तिच्या वेळी असं यंत्र असतं तर तुझं बडबडणं आटोक्यात आलं असतं.

मग त्या रविवारी तुमची बोट लोहखनिज भरायला डुलुथला आली. तुला उतरायला मिळणार नव्हतं, म्हणून मी मारेनला घेऊन कालव्याच्या कठड्याशी उभी राहिले. बोटीसाठी पूल वर उचलला गेला आणि तुमच्या कप्तानाने नेहमीचा भोंगा दिला. तीन लांब, दोन आखूड. मारेनने माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीन लांब, दोन आखूड. रोज जेवायला बसल्यावर, तुझ्या रिकाम्या खुर्चीसमोर, ती हेच काढत होती. मी ते मोजलं होतं, एकदाही ऐकलं नव्हतं.

तू डेकवरून हात हलवलास आणि संध्याकाळी फोन केलास. काय म्हणालास माहीत आहे? ‘किती शांत उभी होती गं! बघ, चाळीस तासांचं चीज झालं.’ मी हो म्हणाले. पाठीवर धोंडा ठेवावा तसा तो हो मी तीन आठवडे वागवते आहे.

सोमवारीच मी डेनीसला भेटले, तास कमी करायचे म्हणाले. मारेनची थेरपी तीच ठरवते. मला वाटलं होतं ती आकडे काढून मला गप्प करेल. तिने हुंकार तिथल्या तिथे यादीतून काढला आणि विचारलं, ‘कमी केलेल्या तासांत ती काय करेल असं तुम्हाला वाटतं?’ घरी येऊन दोन दिवस विचार केला. पाणी मागणं, संडासला जाणं, रस्त्यात थांबणं, दुखलं तर दाखवणं, एवढं शिकायला पंधरा तास पुरतील. उरलेल्या वेळात ती आजीच्या अंगणात दगड मांडेल, किंवा काहीच करणार नाही. चार वर्षांच्या पोराला काहीही न करण्याचा हक्क असतो.

सोबत फॉर्म आहे. पंधरावर मी सही केली आहे, आणि सेंटरला तुझीही लागते. पण सही करण्याआधी एक गोष्ट तुला कळायला हवी, आणि ती तुझा आवाज ऐकताना मला सांगता आली नसती. मार्चच्या बैठकीला तू नव्हतास. डेनीस तेव्हा चाळीस म्हणाली नव्हती. पंधरा-वीसपासून सुरू करू, घरच्यांची इच्छा असेल तर चाळीसपर्यंत नेता येईल, असं ती म्हणाली होती. तुला चाळीस सांगितले ते मी. मारेनला त्यांची गरज होती म्हणून नाही. पहिल्या दिवशी तिला आत सोडलं आणि सेंटरच्या आवारातच गाडीत तीन तास झोपले, दोन वर्षांत पहिल्यांदा. दमले होते रे, आणि तिची भीतीही वाटायची. चाळीस तास मला हवे होते. अजूनही थोडे हवे आहेत, म्हणून ऑगस्टमध्ये रजा काढून ये. रागावलास तरी चालेल, पण ये.

तुझीच,
कर्स्टन