शेळ्यांमधला पंक्तिप्रपंच

प्रिय मधल्या,

फोनवर तू शेळ्यांची चौकशी करतोस आणि मी तुझी केली की ‘ठीक आहे गं’ म्हणून फोन ठेवतोस. घटस्फोटाला वर्ष होत आलं, पण तुझं हे ‘ठीक’ माझ्या गळी उतरत नाही. असो, शेळ्यांचंच सांगते.

यंदा जंतांनी कळपात कहर केला. लंगडीच्या जबड्याखाली गोळा लोंबायला लागला, तर तुझे बाबा म्हणे, खाल्लेलं अंगी लागतंय! आठवड्यात गेली रे ती. मग गुरांची डॉक्टरीण आली. जंत पोटात रक्त पितात, म्हणून जबड्याखाली पाणी उतरतं, म्हणाली. औषध तर आम्ही वेळच्या वेळी पाजत होतो, पण लेंड्या तपासल्या तर अंडी तशीच. जंत औषधाला भीकच घालेनात.

कारण काय, तर बाबांचा न्याय! एकीला पाजलं की सगळ्यांना, धडधाकट असो की आजारी. माझ्या गोठ्यात पंक्तिप्रपंच नाही म्हणायचे. तुम्हा तिघांना तरी काय वेगळं होतं? एकाचे बूट फाटले की तिघांना नवे. एकाकडे राहायला गेलो तर बाकीच्यांना वाईट वाटेल, म्हणून आजवर कुणाच्याच घरी मुक्काम नाही.

डॉक्टरीण म्हणाली, खालची पापणी ओढून बघा. आत लाल असेल तिला सोडा, फिकट असेल तिलाच पाजा. सरसकट पाजलं की औषधाला न जुमानणारे जंतच तेवढे मागे उरतात. ऐकून हे फुरंगटले. पण आता चष्मा चढवून स्वतः एकेकीचा डोळा उघडतात. बोकड तर त्यांना बघताच धूम ठोकतो. औषध बदललं, गरज होती त्यांनाच दिलं, आणि कळप सावरला. फार हायसं वाटलं.

काल जेवता जेवता हे एकदम म्हणाले, थोरला बरा आहे, धाकटी मजेत आहे, मी मधल्याकडे जातो. माझा घास हातातच राहिला. म्हणून हे पत्र, आणि ते टपालात न टाकता त्यांच्याच खिशात घालतेय. तू वाचत असशील तेव्हा ते समोर बसून उगाच छताकडे बघत असतील. काय बोलावं सुचणार नाही, शेळ्यांचंच काढतील. काढू दे. त्यांना लवकर परत पाठवू नकोस, बाळा. इथल्या पापण्या बघायला मी आहे.

तुझीच,
आई