पदराआडची वाफ

आये, तुला लिहायला बसले म्हणजे माझं डोकं फिरलं असं समजू नकोस. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्या अक्षरांवर हे चाललंय. काना-मात्रा चुकली तर चुकली, तुला वाचता येत नव्हतं म्हणजे तू काही चुका काढणार नाहीस. सरळ सांगते. तुला जाऊन बावीस वर्षं झाली आणि तुझ्या शेवटाची एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. गेल्या आठवड्यात माझ्या लेकीनं नेमकी तीच गोष्ट विचारली आणि मी तिच्या तोंडावर खोटं बोलले. तेव्हापासून तू माझ्याभोवतीच आहेस. भांडी घासते तर मागं भिंतीला टेकून बसलेली असतेस. बोलत काहीच नाहीस. शेवटी शेवटी जिवंतपणीसुद्धा बोलत नव्हतीस, म्हणून तुझं हे गप बसणं मला पाठमोरीलाही ओळखू येतं.

मी आता लोणावळ्यात, वलवणच्या बाजूला एका बंगल्यावर कामाला असते. मालक मुंबईला, बंगला शनिवार-रविवार भाड्यानं जातो. चादरी बदलायच्या, फरशा पुसायच्या, पाहुण्यांनी मागितलं तर पिठलं-भाकरी करून घालायची. चुलीवरचं जेवण म्हणून बोटं चाटून खातात, आणि चूल असते गॅसची. मी कशाला सांगू? लागले तेव्हा मालकीणबाई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "मावशी, ते दातांचं जरा बघा हं. गेस्टसमोर बरं दिसत नाही." त्या दिवशी मिशरीची डबी गटारात फेकली. तुझ्या मरणानं जी सुटली नव्हती, ती मालकिणीच्या एका वाक्यानं सुटली. ऐकून तुला बरं वाटणार नाही, पण झालं ते असं.

मिशरी सुटली पण हिरड्या शिवशिवायच्या, डोकं तापायचं, बादल्या आपटायचे. तिथं एक पोरगी येते महिन्या-दोन महिन्यानं, मैत्रिणींना घेऊन. हातात पेनासारखी एक कांडी. तिला व्हेप म्हणतात, नाहीतर ई-सिगरेट. त्यात विस्तव नाही, काडी नाही, राख नाही. ओढली की नुसती वाफ निघते, आणि वाफेला वास फळाचा. सरकारची त्याच्यावर बंदी आहे हे त्या पोरीनंच मला सांगितलं, हसत हसत, वाफ सोडत. एक दिवस म्हणाली, "मावशी, आमच्यावर एवढा राग का हो? बादलीचा जीव घ्याल." मी म्हटलं, "तुमच्यावर न्हाई. तंबाखू सोडलीया, तिच्यावर हाय." तशी तिनं ती कांडी माझ्या हातात दिली. "मँगो आहे. हळू ओढा." हळू कसलं, खोकून खोकून डोळे पांढरे झाले. पण आये, दुसऱ्या झुरक्याला डोकं कसं थंड झालं. तेव्हापासून ती आली की माझ्यासाठी एक ठेवून जाते.

ती व्हरांड्यात पाय वर घेऊन बसते, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या समोर वाफ सोडते, कुणाची टाप नाही काही म्हणायची. तिच्या हातात ती वस्तू दागिन्यासारखी दिसते. माझ्या हातात चोरीच्या मालासारखी. मी मागं पाण्याच्या टाकीशी जाते आणि भिंतीकडं तोंड करते. रस्त्यावर लहर आली तर दुकानाच्या आडोशाला उभी राहते, आणि तरी वाटतं सगळा बाजार माझ्याकडंच बघतोय. मी कुणाला भिणारी बाई नाही. भाजीवाल्याशी भांडते, मालकाशी भांडते. पण पन्नाशीची, साडीतली, टिकलीवाली बाई तोंडातनं वाफ काढते म्हटल्यावर लोक कसे थांबतात, कोपरानं एकमेकांना ढोसतात, ते मी बघितलंय. तुमच्या वेळी परड्यात चार बायका मांडी घालून दातांवरनं बोट फिरवत बसायच्या, सुखदुःखाचं बोलायच्या, पिचकाऱ्या टाकायच्या, वाटेनं जाणारा मान वळवूनही बघायचा नाही. मग मी काय केलं, पदर नाकावर ओढून घ्यायला लागले. आत कांडी, वर पदर. बंगल्यात आरसेच आरसे आहेत, ते पुसायचं काम माझं. तिथं कुणी नसताना एकदा पदराआड झुरका घेतला आणि समोर बघितलं तर नुसते डोळे दिसले, आणि ते डोळे माझे नव्हते. त्या खोलीतला आरसा मी आता खाली बघून पुसते.

गेल्या आठवड्यात लेकीकडं तळेगावला गेले होते. एसटीतनं उतरले, तिची गाडी येईपर्यंत थांब्यावर बसले. शेजारी भाजीची पाटी घेऊन एक मावशी. मला राहवेना. पदर घेतला तोंडावर आणि ओढली लांब. नायलॉनचा पदर, त्याच्या कडेनं वाफ निघायला लागली असणार. मला काय दिसतंय! एकदम ती बाई किंचाळली, "अगं बया, पेटली! पदर पेटला हिचा! आरं, पानी आना कुनीतरी!" आणि कुणी आणायच्या आत तिची स्वतःचीच बाटली माझ्या डोक्यावर उपडी. वर दोन्ही हातांनी माझ्या छातीवर थापा मारायला लागली.

"अवो मावशी, थांबा की! पेटलं न्हाई काय!"

"मग धूर कशाचा निघतुया एवढा?"

पदर खाली पडला. हातात ती कांडी, टोकाला निळा दिवा लुकलुकतोय. पाच-पंचवीस माणसं गोल करून उभी. पानटपरीवाला पुढं आला, हवेत नाक फिरवलं आणि म्हणाला, "मावशी, पदरात आंबं पिकवाया घातलं व्हय?" सगळा थांबा हसला. ती भाजीवाली मात्र हसली नाही. "मी आपली जीव वाचवाया धावले," म्हणाली, "आन ही बया फुंकत बसलीया!" पाटी उचलून लांब जाऊन बसली. तिची बाटली मी रिकामी केली, साधं बरं म्हणायचंही मला सुचलं नाही. एवढ्यात लेकीची गाडी आली. तिनं गर्दी बघितली, ओली आई बघितली, हातातली वस्तू बघितली. नुसतं "बस," म्हणाली.

गाडीवर मागं बसले आणि ओल्या पदराचं टोक हातात होतं, तेव्हा ध्यानात आलं. अंगठा हनुवटीखाली, दोन बोटं वरून, पदर नाकाच्या शेंड्याला. हे धरणं मला कुणी शिकवलं नव्हतं. हे धरणं तुझं. आणि तुला ते मी शिकवलं.

तुला आठवतोय का तो साखरपुडा, माझ्या धाकट्या दिराचा, माझ्या सासरी सुदुंबऱ्याला? तू आदल्या दिवशी आंदर मावळातनं डोक्यावर आंबेमोहोर तांदळाचं गाठोडं घेऊन आलीस. फाट्यावरनं जीप, मग पुढं दोन कोस चाल. सकाळी उठलीस आणि तुझ्या रीतीनं मागच्या दारी मिशरी लावत बसलीस. त्यात वावगं काय होतं? मला तूच लावली होतीस, दहा वर्षांची होते तेव्हा, दाढ दुखत होती म्हणून. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायचीस, आख्ख्या आळीला ठसका लागायचा, आणि माझ्या हिरडीवर बोट फिरवत म्हणायचीस, "गिळू नगं भवाने, थुक." ते बोट मला अजून हिरडीवर लागतं. पण त्या दिवशी नवरीकडच्या बायका आल्या होत्या पिंपरीहून, पावडर लावून. तू त्यांच्यातल्या एकीकडं बघून हसलीस, आणि ती माझ्या सासूला म्हणाली, "विहीणबाईंचं तोंड म्हंजी काळी कसदार जमीन हाय हो, काय बी पेरा!" सगळ्या हसल्या. तूही हसलीस, तुला वाटलं शेताचं चाललंय.

मी तुला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. तिथं तुझेच तांदूळ निवडत दोघी-तिघी बसल्या होत्या, त्यांच्यासमोर बोलले, "तोंड झाकून बस. न्हाईतर आत्ताच्या आत्ता माघारी जा. माझी शोभा करू नगं." तू बघत राहिलीस. मग म्हणालीस, "बरं." भांडायचंस की गं! माझ्यासारखी तोंडाळ लेक जिनं जन्माला घातली तिला एक शिवी सुचू नये? तू पदर ओढलास आणि तो पुन्हा काही खाली आला नाही. पुढं माझ्याकडं आलीस तेव्हा, मी माहेरी आले तेव्हा, जेवताना, हसताना, नातवाचा मुका घेताना, पदर आपला तोंडावर. मला वाटलं, चला, सुधारली. खरंच असं वाटलं मला.

लेकीनं घरी नेऊन टॉवेल दिला, चहा ठेवला. मी वाट बघत होते आता ही मला झाडणार, माझ्याच पोटची आहे. ती म्हणाली, "आई, ओढायचं तर माझ्यासमोर ओढ. सोडायचं तर सांग, आपण दवाखान्यात विचारू. पण झाकून नको गं. झाकलंस की मला कळणार कसं?" एवढं साधं. आये, मी एवढं बोलले असते तुला! मला तिच्यासमोर ओढायला जमलं नाही. कांडी पिशवीत घातली आणि पिशवीवर हात ठेवून बसले. मग तिनं विचारलं, "आजीचं पण असंच झालं ना? तोंडात एवढं वाढेपर्यंत कुणालाच दिसलं नाही?"

"न्हाई," मी म्हटलं. "पदर असायचा तिच्या तोंडावर."

तिनं मान हलवली. तिचा विश्वास बसला.

दिसलं होतं. भात झोडून झाल्यावरचे दिवस, मी माहेरी आले होते. दादा कामाला, वहिनी खळ्यावर, घरात तू एकटी. ताकात कालवलेला मऊ भात पदराआड नेत होतीस, थोडा थोडा. मी म्हटलं, "दाढ दुखती व्हय?" तू मान हलवलीस, हो पण नाही आणि नाही पण नाही. मग माझ्यासाठी तांदूळ बांधायला घेतलेस. गाठ मारायला दोन्ही हात लागतात. नेहमी तू गाठीचं एक टोक दातात धरून आवळायचीस, तशी वाकलीस, आणि धरता येईना. तेवढ्यात पदर घसरला. डावा गाल आतनं बाहेर आल्यासारखा फुगलेला, ओठाच्या कोपऱ्याशी पांढरट कडांची जखम, आणि वास. आपण दोघींनी एकमेकींकडं बघितलं. तू पदर वर घेतलास. मी म्हटलं, "जीप आली वाटतं. निगते मी." तू म्हणालीस, "व्हय, जा. उशीर नगं."

तीन महिन्यांनी दादानं तुला पुण्याला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी आणायचं होतं. मी तिथं दवाखान्याच्या बोळात सगळ्यांदेखत वहिनीच्या अंगावर गेले. "एका घरात ऱ्हातीस, दोन टायमाला वाढतीस, आन तुला दिसलं न्हाई? डोळं फुटलं व्हतं?" ती रडली, उलट बोलली नाही. अजूनही मी माहेरी गेले की ती माझ्याकडं सरळ बघत नाही, पुढं पुढं करते, पानात आधी मला वाढते. बावीस वर्षं ती माझं ओझं वाहतेय आणि मी वाहू देतेय. लेकीला खरं सांगितलं तर ते वहिनीपर्यंत जाणार, म्हणून त्या दिवशी जीभ वळली नाही. तुला वाचता येत नाही, म्हणून तुला लिहिलं. हे कागद कुणाच्या हाती देणार नाही, हेही तुला माहीत असेल.

का नाही विचारलं तुला, तर विचारलं असतं तर तुला माझ्या घरी न्यावं लागलं असतं, सासूसमोर, तसल्या तोंडानं. मला अजून लाज वाटत होती. आणि अजून एक आहे, तेवढं सांगते आणि थांबते. जीप आली नव्हती. मी फाट्यावर जाऊन बसले तेव्हा रस्ता रिकामा होता. जीप आली तासाभरानं. तेवढा वेळ मी तिथं तांदूळ मांडीवर घेऊन बसून होते. तिथनं आपलं घर समोर दिसतं. तू दारात उभी होतीस की आत गेली होतीस, मला ठाऊक नाही. मी तिकडं पाठ करून बसले होते.