सिंधुआत्या कुणाकडं बघत होती

लातूर, ६ सप्टेंबर २०१०

ती. सौ. सिंधुआत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, कॉलेजात भूकंपाची जुनी व्हिडिओ फिल्म दाखवली आणि त्यात तू! दोन मिनिटं नुसती रडतेस. खाली लिहिलंय, 'सर्वस्व गमावलेली महिला'. मला मोबाइलवरच्या फिल्मच्या स्पर्धेत उतरायचंय. सर म्हणतात, हेच रडणं घे, वर सनई टाक, बक्षीस नक्की.

पण तू सारखी डावीकडं बघतेस. कुणाकडं गं? आईला विचारलं तर ती क्लासच्या पोरांचे चाळीस डबे भरायला उठली. मला जवानांनी ढिगातून काढलं, एवढंच ती सांगते. मी तेव्हा पाच महिन्यांची. कुणीतरी नीट सांगा ना! पत्रच लिही, तुमचा फोन बैठकीत आहे, सगळे ऐकतात.

माया आहेच, उत्तरही लवकर असू दे.
तुझी, शिल्पा

उमरी, १२ सप्टेंबर

चि. शिल्पास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

अगं बये, सर्वस्व कशाचं? मी महालक्ष्म्यांना माहेरी आलेली, माझं घर इथं धड उभं होतं. त्या शूटिंगवाल्यानं नावसुदिक विचारलं न्हाई.

डावीकडं वैनी होती, तुझी आई. लोक सांगून राहिले, खाली कुणी जितं न्हाई. तिनं कासोटा खोवला, डोईवर पदर न्हाई, पहार घेऊन दगडमाती उपसत होती. दोन बोटं तिथंच मोडली. तुझं रडणं ऐकू आलं, मग मी रडले. लई आनंदानं रडले गं! शूटिंगवाल्याला म्हटलं, तिकडं फिरव. तो म्हणाला, उघड्या डोक्याची बाई बरी दिसत न्हाई, तुम्हीच पुन्हा एकदा रडा. आणि मी येडी रडले!

पुढं माझ्या आईनं शपथ घातली, सून अशी गावासमोर उभी होती हे बोलायचं न्हाई, जवानांनी काढलं म्हणायचं. मी गप बसले. त्याची आजही लाज वाटते.

रागव हवं तर, पण माया पातळ करू नको.
तुझी आत्या

लातूर, २९ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सनई काढून टाकली. तुझं रडणं ठेवलं, खाली तुझं नाव आणि खरं कारण लिहिलं. आईला तुझं पत्र वाचून दाखवलं, ती चपात्या लाटतच राहिली. मी तिच्या वाकड्या बोटांवर मोबाइल धरला. मला इतकी वर्षं वाटायचं, डब्यांच्या कामानंच वाकलीत.

मग मोबाइल वर नेला. तिचा हात सवयीनं पदराकडं गेला आणि थांबला. पदर खांद्यावरच राहिला. कुठं बघू, असं तिनं विचारलं.

मी म्हटलं, माझ्याकडं.

तुम्हा दोघींची,
शिल्पा