तीन नंबरच्या मशीनवरचा भार

लातूर
शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

प्रिय सुगतदादा,

सप्रेम जयभीम. मी इथं बरी आहे. खोलीला पाणी रोज येतंय. लातुरात याहून जास्त सुख मागू नये. कागदावर लिहितेय म्हणून हसू नकोस. फोनवर मला बोलता येणार नाही.

आधी कामाचं सांगते. दवाखान्यांच्या नोंदी आम्ही पाच मशीनवर, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरांवर, वाटून ठेवतो. कोणती नोंद कुठं जाणार ते पेशंटच्या मोबाईल नंबरवरून ठरतं. एका नंबरच्या सगळ्या नोंदी एकाच मशीनवर. पंधरा दिवस झाले, तीन नंबरचं मशीन धापा टाकतंय आणि बाकीची चार निवांत. मी मेमरी वाढवली, डिस्क बदलली, मशीन बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. काही उपयोग नाही.

काल शेवटी मोजलं, कोणत्या नंबरला किती वेळा विचारणा होते. एकाच नंबरवर सहाशे बारा पेशंट! एकाची नोंद उघडली की सगळ्यांची यादी उपसली जायची. कुणीतरी आळसानं खोटा नंबर टाकतंय, असं वाटून मी मुदखेडच्या दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर फोन लावला. रागातच. तिथला धम्मानंद म्हणाला, "खोटा न्हाई मॅडम. ज्याच्याकडं मोबाईल न्हाई त्याला आमी सुगतभाऊचा नंबर टाकून राहिलो. मेसेज आला की ते सायकलवर जाऊन घरी सांगतेत. लई भला माणूस हाय."

नंबर सकाळपासून समोर होता. पण तुझा नंबर मी कधी वाचतच नाही, फोनवर नुसतं 'दादा' दिसतं.

"तुमी वळखता का त्यांना?" त्यानं विचारलं.

मी 'नाही' म्हणाले. दादा, मी नाही म्हणाले.

मशीनचं काम तासाभरात झालं. नंबरला पेशंटचा क्रमांक जोडला, नोंदी पाचही मशीनवर पांगल्या. साहेबांनी शाबासकी दिली. तिथं थांबायला हवं होतं. पेशंटची नावं बघायची आम्हाला परवानगी नाही. मी बघितली.

सरजाबाई. वय बासष्ट. डायलिसिस, नांदेड, दर मंगळवारी आणि शुक्रवारी. जूनपासून.

मी खुर्चीतच बसून राहिले. चहा आला, गार झाला, पोऱ्यानं परत नेला. माय! आणि मला माहीत नाही!

जूनमध्ये तुझा फोन आला होता. मी म्हणाले, "दादा, लवकर बोल, माझ्यावर कामाचा फार लोड आहे." तू म्हणालास, "काही न्हाई गं, सहज केलता." मी ठेवून दिला. तेव्हापासून तू केला नाहीस, आणि मला त्याचं बरंच वाटत होतं. हे लिहायला दोन पानं फाडली.

मायच्या फॉर्मवर 'सोबत कोण' समोर तुझं नाव आहे. त्याखाली 'दुसरा संपर्क'. तिथं लिहिलंय, 'कोणी नाही'. कुणी सांगितलं ते, तू की मायनं? मला कळवू नकोस.

आज शुक्रवार आहे. आत्ता तू तिला घेऊन नांदेडलाच असशील. सोमवारी मी मुदखेडला येतेय, महिनाभराची रजा टाकून. मंगळवारी मायसोबत मी जाईन, तू घरी झोप. जाताना धम्मानंदच्या खिडकीवर थांबेन, आणि तो विचारण्याआधी सांगेन की सुगतभाऊ माझा कोण लागतो. हे पत्र कुरिअरनं उद्या पोचेल, मायला वाचून दाखव. रागावली तर रागावू दे.

मायच्या फॉर्मवर अजून नसलेली,
तुझी दिपाली